मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११ वर जायचे आहे. एक लॅपटॉप, एक असेम्बल्ड पीसी, परवान्याचा गोंधळ

कंदीलपुष्प

घरात दोन मशीन आहेत, दोन्हींवर विंडोज १०, आवृत्ती २२एच२.

लॅपटॉप: इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज १० होम सिंगल लँग्वेज कंपनीकडूनच टाकून आलेली.

डेस्कटॉप: आय५-६५००, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. विंडोज १० प्रो, दुकानदाराने टाकून दिलेली. बिलात विंडोजचा उल्लेख नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. बँकेचे व्यवहार दोन्हींवर होतात, म्हणून असंच चालू ठेवायचं नाही. प्रश्न असे:

१. विंडोज ११ साठी पैसे भरावे लागतात का?
२. ऑनलाइन काही शे रुपयांत ‘आयुष्यभराची’ प्रॉडक्ट की मिळते, ती घ्यावी का?
३. डेस्कटॉपवर तपासणीचं ॲप ‘प्रोसेसर चालणार नाही’ म्हणतं. विकतची की टाकली तर हा अडथळा जाईल का?

मूळप्रत

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच वाया जातात. प्रॉडक्ट की आणि हार्डवेअरची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. की म्हणजे वापरण्याचा हक्क, तिने प्रोसेसर बदलत नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, सातव्या पिढीतले अगदी मोजके प्रोसेसर सोडून. शिवाय टीपीएम २.० (कुलपाच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) जमणारं यूईएफआय, म्हणजे बोर्डातलं नव्या पद्धतीचं फर्मवेअर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क. तुमचा ६५०० सहाव्या पिढीतला आहे. कितीही महागडी की आणली तरी तपासणी तेच सांगणार.

पहिल्याचं उत्तर: १० चा परवाना अस्सल असेल तर ११ फुकट. होमवरून होम, प्रोवरून प्रो, सिंगल लँग्वेजवरून सिंगल लँग्वेज. तुमच्या लॅपटॉपची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असते. डिस्क बदलली, फॉरमॅट केली तरी ती तिथेच राहते. लॅपटॉपसाठी एक रुपयाही लागणार नाही.

आता दोन्ही मशीनवर हे करून निकाल इथे टाका. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात एस-एल-एम-जी-आर हा शब्द, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-आय. हे सगळं इंग्रजी अक्षरांत. पाच-दहा सेकंदांनी खिडकी उघडते, तिच्यातली ‘चॅनल’ असलेली ओळ हवी आहे, परवाना कोणत्या मार्गाने आला ते ती सांगते. मग तसंच पुन्हा करून डी-एल-आय ऐवजी एक्स-पी-आर टाका. ‘कायमस्वरूपी सक्रिय’ असं येतं की एखादी तारीख, ते पाहा.

त्या खिडक्यांचा फोटो टाकायची गरज नाही. कीचे शेवटचे पाच अंक-अक्षरं चालतील, पूर्ण की कुठेच लिहू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: त्या स्वस्त कींमध्ये एखाद्या संस्थेच्या घाऊक करारातल्या बऱ्याच असतात. एकच की अनेकांना विकतात. सुरुवातीला चालते आणि पुढे कधीतरी की बंद झाली की ‘विंडोज सक्रिय करा’ ही अक्षरं कोपऱ्यात परत येतात. विंडोज चालू होणं म्हणजे परवाना मिळणं नव्हे.

पार्टीशन

लॅपटॉपबद्दल लिहितो. ११ टाकण्याआधी एसएसडी टाका. फिरत्या डिस्कवर ११ बसते, पण सुरू झाल्यावर डिस्कचा वापर कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहतो आणि लोक दोष विंडोजला देतात. जुन्या डिस्कचा क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करून घेतला तरी परवान्याला धक्का लागत नाही.

क्लोनच्याही आधी: सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू आहे का पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरून उतरवून कागदावर ठेवा. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी लॅपटॉप हीच की मागतो. की नसेल तर डेटा गेला, कुणीही परत आणू शकत नाही.

नंतर बायोसमध्ये इंटेल पीटीटी (इंटेलचा अंगभूत टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू. विंडोजमध्ये टी-पी-एम-डॉट-एम-एस-सी चालवून आवृत्ती २.० दिसते ना ते बघा. सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी ठेवा. विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ घ्या, तिसऱ्याच साइटवरून नको. चार्जर लावून ठेवा.

‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ अशी चूक आली तर सी ड्राइव्ह साफ करून काही होत नाही. सुरुवातीची छोटी ईएफआय पार्टिशन भरलेली असते, बऱ्याचदा ती १०० एमबीचीच असते. त्यात साठलेल्या जादा फॉन्ट फायली काढल्या की जागा होते.

११ आवडली नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० वर परतता येतं. डिस्क साफ करताना ‘आधीची विंडोज’ पुसली तर तोही रस्ता बंद. तेवढे दिवस तिला हात लावू नका.

कंदीलपुष्प

धन्यवाद दोघांनाही. निकाल असे:

लॅपटॉप: ओईएम_डीएम चॅनल. कायमस्वरूपी सक्रिय.
डेस्कटॉप: व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट चॅनल. दुसऱ्या खिडकीत ‘अमुक तारखेला मुदत संपेल’, आजपासून साधारण पाच महिन्यांनंतरची.

म्हणजे डेस्कटॉपची विंडोज बनावट आहे का?

मूळप्रत

लॅपटॉप ठीक आहे, ओईएम_डीएम म्हणजे बोर्डातली कंपनीची की. डेस्कटॉपवर विंडोजच्या फायली अस्सल असू शकतात, परवाना मात्र तुमच्याकडे नाही. केएमएस ही मोठ्या कार्यालयांची सोय आहे. कार्यालयाच्या आतला सर्व्हर तिथल्या मशीनना १८० दिवसांसाठी सक्रिय करतो आणि मशीन अधूनमधून त्याला विचारून मुदत वाढवत राहतं. घरच्या पीसीवर हे चॅनल दिसलं तर बहुधा एखाद्या टूलने तसा सर्व्हर असल्याचं सोंग केलेलं असतं.

कायद्यापेक्षा मला जास्त काळजी सुरक्षेची वाटते, कारण तुम्ही बँकेचं म्हणालात. अशी टूल्स चालावीत म्हणून अँटिव्हायरसला काही फोल्डर ‘तपासू नको’ असं सांगून ठेवतात. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, सगळ्यात खाली एक्सक्लुजन्स. तिथे तुम्ही न टाकलेली नोंद असेल तर ती काढा आणि पूर्ण स्कॅन करा. टास्क शेड्युलरमध्येही ठरावीक दिवसांनी चालणारं अनोळखी काम असतं. तरी खरा उपाय डिस्क पुसून नव्याने टाकणं हाच. तोवर त्या मशीनवर नेट बँकिंग करू नका. लॅपटॉपवरून पासवर्डही बदलून घ्या.

रानजाई

मूळप्रत यांच्या म्हणण्यात एक भर, कारण हा धागा पुढे इतरही वाचतील. चॅनल ‘रिटेल’ आलं म्हणजे परवाना दुसऱ्या मशीनवर नेता येईल असा नव्हे. ७ किंवा ८ वरून फुकट १० घेतलेल्या मशीनवरही रिटेलच दिसतं. प्रोच्या कीचा शेवट ३व्ही६६टी आणि होमचा ८एचव्हीएक्स७ असेल तर ती सगळ्यांना सारखीच असलेली साधारण की आहे. खरा हक्क त्या बोर्डाशी जोडलेल्या डिजिटल परवान्यात असतो. बोर्ड गेला की तो गेला. हलवता येणारा परवाना म्हणजे बिलासकट विकत घेतलेली रिटेल प्रत.

७ चा स्टिकर कॅबिनेटवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्या कीवर १० किंवा ११ सक्रिय होण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

टाचणी

डेस्कटॉपवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘टीपीएम किंवा सीपीयू नसतानाही अपग्रेड’ वाली नोंद करून ११ टाकता येते. ६५०० वर छान चालते. नवा पीसी कशाला?

रानजाई

चालते हे खरं. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या आज्ञा (इन्स्ट्रक्शन्स) लागतात, त्या ६५०० मध्ये आहेत. पण दोन गोष्टी आधीच कळायला हव्यात. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून दर वेळी हाताने टाकावी लागते. घरात हे करणारं कुणी असेल तर ठीक. नसेल तर दोन वर्षांनी जुन्या आवृत्तीवर अडकलेली ११ म्हणजे आजची १०च.

या धाग्यातल्या डेस्कटॉपला तर ते लागूच नाही. परवान्याशिवायच्या १० वर ११ चढवली तर परवान्याशिवायची ११ मिळते.

कंदीलपुष्प

मग १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेट घेणं, म्हणजे ते ईएसयू, डेस्कटॉपला चालेल का?

मूळप्रत

ईएसयू हा अपडेटचा हक्क आहे, विंडोजचा परवाना नाही. म्हणून तुमच्या डेस्कटॉपचं दुखणं त्याने जात नाही. ज्यांची १० अस्सल आहे आणि प्रोसेसर जुना आहे त्यांच्यासाठी मात्र तो चांगला पर्याय आहे. आवृत्ती २२एच२ हवी, सगळे अपडेट टाकलेले हवेत आणि ॲडमिन खात्याने मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन हवं. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. तीन वाटा: विंडोज बॅकअपमधून सेटिंग्जचा सिंक चालू करणं, त्याला पैसे नाहीत. किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. किंवा एकदाच ३० डॉलरच्या आसपास. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं, आणि अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

सिंक चालू करताना डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचे खटके बंद ठेवा. नाहीतर वनड्राइव्हची फुकट ५ जीबी जागा भरते आणि ‘जागा विकत घ्या’च्या सूचना सुरू होतात.

कुणी ‘एलटीएससी टाका, २०३२ पर्यंत अपडेट’ असं सुचवेल. एलटीएससी म्हणजे फार काळ अपडेट मिळणारी विंडोजची खास आवृत्ती, आणि ती तारीख आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ची आहे. ती आवृत्ती यंत्रं बनवणाऱ्यांसाठी असते, घरगुती ग्राहकाला सरळ विकत मिळत नाही. पुन्हा परवान्याशिवायच्याच जागी येऊन थांबाल.

दगडफूल

धागा थोडा वळवतो, माफ करा. आय३-८१००, एच३१० बोर्ड, १० होम अस्सल. तपासणी म्हणते ‘सिक्युअर बूट नाही’. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलं तर विंडोज सुरूच होत नाही, म्हणून परत चालू केलं.

पार्टीशन

तुमची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली आहे. यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते. आधी डिस्क बदलायची, मग बायोस. तुमचा क्रम उलटा झाला एवढंच, नुकसान काही नाही.

डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एम-बी-आर-टू-जी-पी-टी, त्यातला ‘टू’ आकड्यात. त्याला दोन पर्याय जोडायचे, प्रत्येकाआधी तिरकी रेघ: व्हॅलिडेट आणि अलाऊ-फुल-ओएस, दुसरा सलग एका शब्दात. ही नुसती तपासणी आहे, डिस्कवर काही लिहीत नाही. पास झाली तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट.

आपल्याकडे ती नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सी, डी, ई, एफ असे पाडलेले भाग. तीनपेक्षा जास्त प्रायमरी किंवा एकही लॉजिकल पार्टिशन असेल तर हे साधन नकार देतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीतले भाग म्हणजे लॉजिकल. त्यातला डेटा बाहेर काढून, ते भाग आणि बाहेरची हिरवी चौकट पुसून पुन्हा तपासणी करा.

कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, पीटीटी चालू. जीटी २१० सारखं फार जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहतो, कारण त्या कार्डात यूईएफआयसाठीचं फर्मवेअर नसतं. कार्ड काढून केबल बोर्डाच्या पोर्टला लावा, ८१०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे.

दगडफूल

ई आणि एफ लॉजिकलच निघाले. काढल्यावर तपासणी पास, कन्व्हर्ट झालं, ११ उतरते आहे. आभारी आहे.

कंदीलपुष्प

डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकायचं ठरतंय. काम ब्राउझर, पीडीएफ आणि मराठी टायपिंगचं. काही जुनी पत्रं श्रीलिपीत आहेत.

रानजाई

मग लिनक्स मिंट २२ घ्या, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि परवान्याचा प्रश्नच नाही. ८ जीबी रॅमवर आरामात चालतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून आधी न टाकताच चालवून बघा: वायफाय, प्रिंटर, आवाज. युनिकोड मराठी इन्स्क्रिप्टने लगेच लिहिता येतं, कीबोर्डच्या यादीत मराठी जोडा.

अडेल ते श्रीलिपीपाशी. त्या फायली युनिकोड नसतात, मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हं साठवलेली असतात. ते फॉन्ट मिंटवर कॉपी केले तर पत्रं वाचता येतात, पण शोधता किंवा नीट दुरुस्त करता येत नाहीत. विंडोज पुसायच्या आधीच ती युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. बदलताना तिथेच चुका होतात. टॅलीसारखं काही लागत असेल तर ते लॅपटॉपवर ठेवा.

कंदीलपुष्प

टॅली नाही. पत्रं साठेक आहेत, ती आधी बदलतो. डी ड्राइव्हवरचे फोटो मिंटमध्ये तसेच दिसतील ना? तो भाग पुसायचा नाहीये.

रानजाई

दिसतील. तरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. मग विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाचं काम यात जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि पीसी पूर्ण बंद करा. ती खूण राहिली तर विंडोज बंद न होता अर्धी झोपते आणि मिंटमध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडते. टाकताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडू नका. ‘समथिंग एल्स’ निवडून विंडोजच्या भागावरच मिंट बसवा. भाग ओळखताना नावावर जाऊ नका, आकार जुळवून बघा, कारण तिथे सी आणि डी अशी अक्षरं दिसत नाहीत.