मदत हवी आहे: दोन इंजिनांच्या डकोटात मोठ्या टाक्या बसवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातून लिहितोय. रिमोटची विमानं बनवायचा नाद अकरा वर्षांपासून आहे, पण दोन इंजिनांचं हे पहिलंच. एका जागी अडलोय, जाणत्यांनी वाट दाखवावी.

विमान डकोटा, म्हणजे डीसी-३. प्लॅनवरून घरीच बाल्सा आणि प्लायमध्ये बांधलं, दोन पावसाळे त्यात गेले. पंख टोकापासून टोकापर्यंत २०७ सेंमी, मूळ विमानाच्या साधारण चौदावा भाग. इंधनाशिवाय वजन ४ किलो ६०० ग्रॅम. दोन्हीकडे ३२ ची (०.३२ घनइंच) टू-स्ट्रोक ग्लो इंजिनं, म्हणजे मिथेनॉलवर चालणारी, प्रॉप (पंखा) १०×६ इंची, इंधनात १० टक्के नायट्रो आणि २० टक्के तेल. प्रत्येक नॅसेलमध्ये, म्हणजे पंखावरच्या इंजिनाच्या घरात, १८० मिलीची एक टाकी. डकोटाच का, तर २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानातून, हे शाळेत असताना वाचलं होतं. तेव्हापासून हे विमान मनात घर करून आहे.

हरभरा निघाला की आमच्या वावरात फळी मारून, पाणी शिंपडून, रोलर फिरवून ९० मीटरची पट्टी तयार करतो. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात आमचं वावर हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात येतं आणि १२० मीटरच्या वर मी जात नाही, तेव्हा ती बाजू नीट आहे.

आता अडचण. गेल्या रविवारी सकाळी विमान हवेत सहा मिनिटं चाळीस सेकंद होतं. उतरवायला वळवलं, पट्टी लांब वाटली म्हणून थ्रॉटल थोडा वाढवून नाक जरा वर घेतलं, आणि उजवं इंजिन गप्प. आवाज अर्धा झाला हे आधी कळलं, मग उजवा प्रॉप तिरपा थांबलेला दिसला. नाक उजवीकडे ओढलं जाऊ लागलं, पंख त्याच बाजूला कलला. डावं इंजिन जोरात राहिलं असतं तर विमान उलटंच झालं असतं. थ्रॉटल पूर्ण खाली ओढला, रडर डावीकडे दिला, जिथे जाईल तिथे जाऊ दे म्हणून पंख तेवढे सरळ धरले. शेजारच्या गव्हाच्या खुंटांत उतरलं. चाकाचं थोडं नुकसान झालं, बाकी सगळं शाबूत. शेजारचे आप्पा लांबूनच ओरडले, "मन्हा वावरमा इमान उतरनं भो!" आणि स्वतःच दोन्ही हातांवर तोलून, लेकराला आणावं तसं बांधापर्यंत घेऊन आले.

घरी येऊन सिरिंजने टाक्या उपसल्या. उजवीत ६० मिली उरलं होतं, डावीत ४५. म्हणजे नाक वर झालं की शेवटचा तिसरा हिस्सा कामाचाच नाही असं दिसतंय. म्हणून ३०० मिलीच्या टाक्या टाकायचा विचार आहे, निदान दहा मिनिटं तरी निश्चिंत उडवता येईल.

पण जागा कुठे आहे? डकोटाचं चाक पुढे दुमडून नॅसेलमध्येच जातं. फायरवॉलच्या (इंजिन जिला बसवतात त्या भिंतीच्या) मागे खाली चाक, वर टाकी, अशी रचना आहे. ३०० मिलीची टाकी चाकावरून जायची तर ती १५ मिमी वर उचलावी लागते. दुसरा विचार असा की पोटात, पंखाच्या बरोबर मध्ये, ६०० मिलीची एकच टाकी ठेवावी आणि दोन्हीकडे नळ्या न्याव्यात. तिसरा विचार, आहे त्या टाकीच्या मागे चाक टाळून दुसरी छोटी टाकी जोडावी. यातलं काय करावं? टाकी वर उचलली तर किती फरक पडतो? आणि वजनाचा तोल किती हलेल?

फोटो उद्या टाकतो, आज लाइट नाही.

प्रतिसाद, धुळ्याहून:

भाऊ, १५ मिमी वर उचलू नका. टाकीची मधली रेघ कार्बोरेटरच्या जेटच्या पातळीत किंवा त्याहून पाच-दहा मिमी खाली पाहिजे. वर गेली की भरलेल्या टाकीतून इंधन आपोआप ओघळतं, सुरू करतानाच इंजिन पिऊन बसतं. मग तुम्ही त्या अवस्थेत नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) बसवणार, आणि टाकी अर्धी झाली की तेच नीडल कोरडं पडणार. एका इंजिनाच्या विमानात हे खपून जातं. तुमच्याकडे दोन इंजिनं दोन वेगळ्या वेळी कोरडी पडतील, आणि रविवारी जे झालं तेच परत होईल.

प्रतिसाद, पुण्याहून:

मधली एकच टाकी अजिबात नको. टू-स्ट्रोकची ओढ मुळात कमी, मफलरमधून टाकीला दिलेल्या दाबावर भागवायचं असतं. ३०-३५ सेंमी नळीतून पंपाशिवाय इंधन ओढायला लावलं तर वळणात बाहेरच्या बाजूचं इंजिन भरून वाहील आणि आतलं उपाशी राहील. पंप किंवा रेग्युलेटर बसवून करणारे आहेत, पण मग बिघडायच्या जागा दुप्पट. टाकी नॅसेलमध्येच ठेवा.

मागे दुसरी टाकी जोडणं चालतं. मफलरचा दाब मागच्या टाकीला द्यायचा, मागचीची क्लंक-नळी (क्लंक म्हणजे टाकीतल्या मऊ नळीच्या टोकाचं वजन, ते इंधनाबरोबर सरकतं) पुढचीच्या वरच्या नळीला जोडायची. आधी मागची रिकामी होते, मग पुढची. मात्र बुचं चार होतात, आणि एका बुचातून जरी हवा शिरली तरी सगळं बिघडतं. मी स्वतः हे करणार नाही.

तोलाचं गणित सोपं आहे. तुमच्या मिश्रणाचं वजन मिलीला सुमारे ०.८६ ग्रॅम. टाकीचा मध्य तोलबिंदूच्या किती पुढे आहे ते सांगा.

धागाकर्ता:

धन्यवाद दोघांनाही. मोजलं, ९ सेंमी पुढे आहे.

प्रतिसाद, पुण्याहून:

मग आत्ता ३६० मिली म्हणजे ३१० ग्रॅम. भरलेलं आणि रिकामं यात तोल ५.७ मिमी हलतो. ६०० मिली केलं तर ५१६ ग्रॅम आणि ९ मिमी. इंधन जळेल तसा तोल मागे सरकतो, म्हणजे उतरायच्या वेळी, हात थकलेला असताना, विमान सगळ्यात चंचल असणार. तोल नेहमी रिकाम्या टाकीवर बघा. रिकामं बरोबर असेल तर भरल्यावर ९ मिमी नाकाकडे जड, ते डकोटा सहन करेल. पण उड्डाणाचं वजन ५ किलो १०० च्या वर जातं, तुमच्या ९० मीटरच्या पट्टीवर ते जाणवेल.

प्रतिसाद, भुसावळहून:

रेल्वेत फिटर होतो, आता निवृत्त आहे, विमानं मुलाबरोबर उडवतो. सगळे टाकी कशी बसवायची ते सांगताहेत. मला वेगळंच विचारायचं आहे. उजव्या टाकीत ६० मिली शिल्लक असताना ते इंजिन बंद का पडलं? डावीत त्याहून कमी इंधन होतं आणि ते चालू राहिलं.

विहिरीत पाणी असतं, पण फुटव्हॉल्व वर अडकला की मोटर हवाच ओढते. त्यासाठी कोणी विहीर खोल करत नाही. तुमच्या क्लंकचं तसंच काहीतरी झालं आहे असं मला वाटतं. मागच्या काही उड्डाणांत विमान नाकावर गेलं होतं का?

धागाकर्ता:

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि जेवण अर्धवट ठेवून उठलो.

हो, गेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी उतरल्यावर चाक काळीच्या भेगेत अडकलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. प्रॉप तुटला, तो बदलला, बाकी काही दिसलं नाही म्हणून टाकीकडे पाहिलंच नाही.

आत्ता उजवी टाकी काढून दिव्यासमोर धरली. आतली सिलिकॉनची नळी पूर्ण दुमडून क्लंक पुढच्या भिंतीशी, बुचाच्या खाली, अडकून बसलाय. टाकी उभी धरून हलवली तरी मागे पडत नाही. नळी एरंडेलाने पिवळी आणि चामट झाली आहे, शिवाय मी ती लांब ठेवली होती. टाकी भरलेली असताना क्लंक कुठेही असला तरी इंधनातच. टाकी उतरली, मी नाक वर घेतलं, सगळं इंधन मागे गेलं आणि पुढे बसलेल्या क्लंकला हवा मिळाली. डावी टाकी बघितली, तिचा क्लंक मागेच आहे, मोकळा.

म्हणजे टाकी मोठी करूनही हेच झालं असतं, फक्त मागे १०० मिली उरलं असतं.

प्रतिसाद, भुसावळहून:

सापडलं ना, बरं झालं. आता दोन्ही टाक्यांच्या नळ्या एकाच वेळी, एकाच गुंडाळीतल्या बदला. क्लंक आणि मागची भिंत यात पाच-सहा मिमी मोकळं ठेवा, चिकटला तर ओढ बंद होते. आणि नळीच्या मध्यभागी पितळी नळीचा दोन-अडीच सेंमीचा तुकडा घाला. दोन्ही बाजूंना सिलिकॉन, मध्ये पितळ. मग क्लंक खाली-वर, डावीकडे-उजवीकडे हलतो, पण दुमडून पुढे जाऊ शकत नाही. पितळी तुकड्याच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर आतून नळी चिरते आणि मग हवेचा बारीक बुडबुडा शोधत तुम्ही महिना काढाल.

प्रतिसाद, धुळ्याहून:

काकांचं अगदी बरोबर. तुमच्याच आकड्यांवरून खर्च काढा. उजव्या इंजिनाने ६ मिनिटं ४० सेकंदांत १२० मिली घेतलं, म्हणजे मिनिटाला १८. १८० मिलीत दहा मिनिटं होतात. चौथा हिस्सा राखीव ठेवला तर साडेसात. तुम्हाला दहा मिनिटं राखीव धरून हवी असतील तर २४० मिली भरपूर झालं, ३०० ची गरज नाही. आणि २४० ची टाकी उंचीला जवळपास तेवढीच असते, लांबीला जास्त.

धागाकर्ता, आठ दिवसांनी:

काम झालं, सविस्तर लिहितो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

२४० मिलीच्या दोन टाक्या घेतल्या. लांबी १२ मिमी जास्त, म्हणून दुसऱ्या फॉर्मरमध्ये (सांगाड्याच्या आडव्या चौकटीत) खिडकी कापली आणि कापलेल्या कडेला दीड मिमी प्लायची चौकट चिकटवली. चाक दुमडल्यावर टायर आणि टाकी यात ४ मिमी राहतं. फायरवॉलला टाकी थेट टेकत नाही, चहूबाजूंनी मऊ फोम आहे. आधी पुढे फोम नव्हता आणि डावीकडे इंधनाला फेस येत होता हे आता लक्षात आलं. टाकीची मधली रेघ जेटच्या ६ मिमी खाली आली. कापताना उघडं पडलेलं लाकूड पातळ इपॉक्सीने दोनदा रंगवलं, कारण जुन्या टाकीखालचा बाल्सा तेल पिऊन बोटाने दाबला तरी दबत होता. फॉर्मर अजून वर्षभर टिकला असता की नाही, देव जाणे.

मग शेपूट खुंटाला बांधून जमिनीवर चाचणी घेतली. पुतण्याने पंखाखाली मागून धरून नाक साठेक अंश वर केलं, प्रॉपच्या रेषेत कोणालाही उभं राहू दिलं नाही. दोन्ही इंजिनं पूर्ण थ्रॉटलवर, नीडल थोडं सैल, म्हणजे सर्वांत जास्त वेगापेक्षा चारेकशे आरपीएम खाली. डावं ९ मिनिटं १० सेकंद चाललं, उजवं ९ मिनिटं २५. उरलेलं इंधन उपसलं तर डावीत २० मिली, उजवीत २२. दोन इंजिनं इतकी सारखी चाललेली मी पहिल्यांदाच पाहिली. हवेत सतत पूर्ण थ्रॉटल लागत नाही, खर्च कमी होतो, म्हणून रिमोटचा टायमर नऊ मिनिटांवर लावलाय, म्हणजे उतरायला पुरेसा वेळ हातात राहतो.

आता एकच शंका उरली. आमच्याकडे पंधरवड्यात पारा ४२ च्या वर जाईल. नॅसेल बंद, आत टाकी, वर ऊन. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं. नॅसेलला मागे हवा बाहेर जायला किती मोठं भोक ठेवावं?

प्रतिसाद, भुसावळहून:

आत यायच्या भोकाच्या निदान दुप्पट बाहेर जायचं ठेवा, नाहीतर हवा आत कोंडते. विमान आणि इंधनाचा डबा दोन्ही निंबाच्या सावलीत ठेवा, उन्हात भरून उभं करू नका. थंडीतल्यापेक्षा हवा आठेक टक्के विरळ असते, त्यामुळे नीडल एक-दोन खटके आवळावंसं वाटेल. एका इंजिनात मी आवळतो, जोडीत आवळत नाही. थोडा धूर जास्त निघू द्या.

धागाकर्ता:

काका, भोक तसंच करतो. रविवारी उडवणार आहे, तुम्ही आणि मुलगा दोघंही या. वावर रस्त्याला लागूनच आहे. साडेसहाच्या आत पोचा, आठनंतर वारा सुटतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून येईल, आणि आप्पांना सांगून ठेवलंय की या वेळी त्यांच्या वावरात उतरणार नाही.