हळदीच्या कॅप्सूलवरून सोसायटीच्या ग्रुपवर

३०२ वहिनी: काल रात्री मामंजींच्या हिरड्यांतून रक्त थांबेना. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनपासून त्यांची रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे, तेव्हा तुम्हीच सगळे धावला होता. आता कळलं, दीड महिना हळदीच्या कॅप्सूल घेतायत, याच ग्रुपवरचं वाचून. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, फार वाढलाय. डॉक्टरांनी कॅप्सूल पहिल्यांदा बंद केल्या. कोणी पाठवलं ते काढत नाही, पण परत नको.

१०४ आप्पा: मीच पाठवलंय की, लपवायचं काय त्यात? आमची आई रोज हळद-दूध घ्यायची. ९२ वर्षं जगली.

२०१ ताई: आप्पा, हळद-दुधाला कोण नाही म्हणतंय? हळदीतलं पिवळं द्रव्य, करक्युमिन, शेकडा ३ च्या आसपास. लहान चमचाभर हळदीत शंभरेक मिलिग्रॅम. कॅप्सूलमध्ये नुसता अर्क, एकेकीत ५०० मिलिग्रॅमसुद्धा असतो, वर मिऱ्याचं सत्त्व, म्हणजे पिपरिन. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी माणसांवर बघितलं, २० मिलिग्रॅम पिपरिन सोबत दिलं तर करक्युमिन सुमारे २० पट जास्त अंगात उतरतं. पिपरिननं दुसरी औषधंपण जास्त उतरू शकतात.

४०३ अण्णा: मग सारात मिरी घालायचं बंद करू काय ओ? 😄

२०१ ताई: जेवणातलं चालू दे अण्णा.

सेक्रेटरी: रविवारी टाकी धुणार. सकाळी ७ च्या आत पाणी भरून ठेवा.

४०४: मागच्या वेळीपण ७ सांगून ६ लाच बंद केलात.

१०४ आप्पा: आमची आई रोज हळद-दूध घ्यायची. ९२ वर्षं. अमेरिकेत १९९५ ला हळदीवर पेटंट दिलं, आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांनी लढून १९९७ ला रद्द करायला लावलं. आणि आपलीच माणसं हळदीला नावं ठेवतात.

३०२ वहिनी: आप्पा, मी हळदीला नाव ठेवलेलं नाही. रात्रभर उशाशी बसले होते मी.

२०१ ताई: ते पेटंट जखम भरण्यावर होतं. आपल्याकडं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, म्हणूनच रद्द झालं. वॉरफरिनवरच्या माणसानं अर्क गिळावा असं त्यात कुठंय?

२०४ काकू: माझ्या पित्ताशयात खडे आहेत गं, मी पण आणल्यात त्या.

२०१ ताई: काकू, घेऊ नका. अर्कानं पित्ताशय आकुंचन पावतं, कळ येऊ शकते. मूतखडा असला तरी नको, हळदीत ऑक्झलेट असतं. आणि कुणाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर लगेच दवाखाना. अशा कॅप्सूलनं लिव्हरला सूज आलेली माणसं आहेत. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

१०३: रायबागकडची हळकुंडं मागवू काय परत? चक्कीवर आपणच दळून घेऊ. सुट्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट घालतात, त्यातलं शिसं पोरांच्या मेंदूला वाईट.

४०४: मागच्या वर्षीचे दोघांचे पैसे राहिलेत ते आधी.

४०३ अण्णा: माझे दिलेत. वहीत बगा.

१०४ आप्पा: हळद-दूध ९२ वर्षं...

३०२ वहिनी: आप्पा 🙏

१०४ आप्पा: मामंजी कसे आहेत आता?

३०२ वहिनी: रक्त थांबलंय. उद्या परत तपासणी.

१०४ आप्पा: येऊन जातो वर. त्यांनी विचारल्यावर मीच दुकान दाखवलं होतं.

३०२ वहिनी: साडेसहानंतर या. आत्ता झोपलेत.

२०४ काकू: माझी २ किलो हळकुंडं लिहा.