मदत हवी आहे: विंडोज एक्सपीवर जुनं स्काइप (किंवा त्याच्या जवळपास जाणारं काहीही) चालू करायचंय

मिरजकरीण:
मंडळी, "नवीन कॉम्प्युटर घ्या" हा सल्ला मी घरात चार वेळा देऊन झालाय आणि चारही वेळा तो माझ्याच अंगावर आलाय. तेवढा सोडून काहीही सुचवा.

बाबा ७६ वर्षांचे. मिरजेच्या घरी त्यांचा डेस्कटॉप आहे: विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३, पेंटियम ड्युअल कोअर ई५२००, दोन जीबी रॅम. तो बदलता येत नाही, कारण मागे प्रिंटरच्या पोर्टात श्रीलिपीचं (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं) जुनं डोंगल खोचलंय, ते लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही. बाबा त्यावर आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करतात. साडेतीनशे पानं झालीत, सगळी त्याच जुन्या फाँटात. नवीन मशीनला ते पोर्टच नसतं.

आत्या एडिसनला, न्यू जर्सीत. दर रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, बहीणभावांचा स्काइपवर व्हिडिओ कॉल ठरलेला असायचा. काही वर्षांपूर्वी एक्सपीवरचं स्काइप लॉगिन घेईनासं झालं. मग आत्या तिकडून स्काइपचं बॅलन्स भरून लँडलाइनवर फोन करायची. आता तेही गेलं. आता आत्या व्हॉट्सॲपवर मला कॉल करते आणि मी दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवते. स्मार्टफोन बाबांच्या हाती टिकत नाही. हात थरथरतो, बोट कुठेतरी लागतं आणि कॉल कट. १९ इंची पडद्यावर मात्र त्यांना आत्या नीट दिसायची.

डेस्कटॉपवर निळा आयकॉन अजून आहे. डबल क्लिक केलं की खिडकी उघडते, नाव-पासवर्ड टाकला की गोल फिरत राहतं. बाबांचं म्हणणं, "उघडतंय म्हणजे चालू आहे, तुमच्या नेटचाच काहीतरी घोळ." कुठलं जुनं व्हर्जन टाकलं तर चालेल? ७.३६ म्हणून एक एक्सपीसाठी असल्याचं वाचलं.

खटपट्या:
ताई, चालणार नाही. ७.३६ नाही आणि त्याच्या आधीचं कुठलंही नाही. ५ मे २०२५ ला मायक्रोसॉफ्टने स्काइप बंदच केलं. तुमच्याकडे आहे तो नुसता फोन. एक्स्चेंजला टाळं लागलंय.

लोकांचा गोंधळ का होतो तेही सांगतो. २००३ मध्ये स्काइप आलं तेव्हा ते बरंचसं पी-टू-पी होतं, म्हणजे कॉल एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर जायचा आणि ज्यांचं नेट चांगलं त्यांचीच मशीनं 'सुपरनोड' बनून बाकीच्यांची गाठ घालून द्यायची. म्हणून अनेकांना वाटतं की दोघांकडे जुनं व्हर्जन असलं की झालं. पण लॉगिन तेव्हाही कंपनीच्याच सर्व्हरवर व्हायचं. शिवाय २०१२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने ते सुपरनोडही स्वतःच्या सर्व्हरांवर नेले. सर्व्हर नाही, तर तो निळा आयकॉन देव्हाऱ्यातल्या टाकासारखा. नमस्कार करायचा, बोलायची अपेक्षा ठेवायची नाही.

पुणेरी_पाटी:
आत्याबाईंना पत्र लिहा. पोस्टाला अजून सर्व्हिस पॅक लागत नाही.

फुकटफौजदार:
एका साइटवर 'स्काइप पोर्टेबल, एक्सपी फिक्स' म्हणून फाइल आहे. लिंक व्यनि (खाजगी निरोप) करू का?

खटपट्या:
@फुकटफौजदार, अजिबात नको. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. बंद पडलेल्या सेवेचं 'फिक्स' बनवण्यात बनवणाऱ्याचा फायदा काय, याचा विचार करा. त्या मशीनमध्ये साडेतीनशे पानं आहेत. ताई, आधी ती पानं दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या, मग पुढचं.

मिरजकरीण:
पानं घेतली. पत्राचा सल्लाही बाबांना वाचून दाखवला, त्यांना आवडला. मग एक्सपीवर ब्राउझरमधून काही होईल का?

खटपट्या:
क्रोम एक्सपीवर ४९ ला थांबलं, फायरफॉक्स ५२ ला. त्यांच्यात आजच्या व्हिडिओ कॉलच्या साइट धड उघडत नाहीत. सुपरमियम नावाचा ब्राउझर आहे, जुन्या विंडोजसाठी मुद्दाम काढलेला क्रोमियमचा (क्रोम ज्यावर बेतलंय त्याचा) अवतार. तो एक्सपीवर चालतो. पण दोन जीबी रॅममध्ये त्यात व्हिडिओ कॉल म्हणजे लुनावर गव्हाचं पोतं. आणि मुळात ते मशीन एक्सपीवर असताना नेटला लावूच नये, असं माझं मत.

लिनक्सवेडा:
माझीच वाट बघत होता ना?

ई५२०० हा ६४-बिटी प्रोसेसर आहे. वर एक्सपी ३२-बिटी बसवलंय म्हणून तो म्हातारा दिसतो. हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवा. एक्सपी, श्रीलिपी, डोंगल सगळं जागच्या जागी राहतं. टायपिंग करायचं तर नेहमीसारखं सुरू करा, आत्याशी बोलायचं तर पेन ड्राइव्ह लावून सुरू करा.

एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे. तुमच्या लॅपटॉपवर रूफस (पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होईल असा तो बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाका. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम 'एमबीआर' निवडा, नाहीतर जुनं बायॉस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) तो पेन ड्राइव्ह ओळखणार नाही. मशीन सुरू होताना बूट मेनूची की दाबा. कुठे एफ १२, कुठे एफ ८, कुठे एफ ११, पडद्यावर खाली बारीक अक्षरात येतं. आत फायरफॉक्स असतोच, त्यात जित्सी मीट (ब्राउझरमधूनच चालणारी व्हिडिओ कॉलची साइट) उघडा. २०२३ च्या ऑगस्टपासून त्यांच्या फुकट साइटवर खोली सुरू करणाऱ्या एकाला लॉगिन लागतं, ते आत्यांना करू द्या. बाबांनी फक्त लिंक उघडायची.

आणि एक्सपीत जाऊन नेटवर्क कनेक्शन 'डिसेबल' करून ठेवा. लिनक्सला त्याने काही फरक पडत नाही.

मिरजकरीण:
शनिवारी पुण्याहून आले ती पेन ड्राइव्ह घेऊनच. एमएक्स सुरू झालं! बाबा मागे उभे, "माझं वर्ड कुठे गेलं?" दाखवून शांत केलं. पण फायरफॉक्समध्ये जित्सीच काय, कुठलीच साइट उघडत नाही. प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नाही, सर्टिफिकेट वैध नाही, असा पिवळा इशारा. लॅपटॉपवर त्याच नेटवर सगळं चालतंय. आत्या तिकडे रात्री साडेदहापर्यंत टॅबलेट धरून बसली होती.

लिनक्सवेडा:
खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

मिरजकरीण:
१ जानेवारी २००८. अरे देवा.

लिनक्सवेडा:
मदरबोर्डवरचा सेल संपलाय. मशीनची वीज गेली की घड्याळ मागे जातं. साइटचं सर्टिफिकेट आजचं, मशीन २००८ मध्ये, त्यामुळे ब्राउझरच्या हिशेबी ते सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही. सीआर २०३२ नावाचा बटणासारखा गोल सेल, घड्याळजीकडे मिळतो. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, शेजारची क्लिप नखाने दाबली की जुना सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अक्षरांची बाजू वर. मग बायॉसमध्ये तारीख आणि वेळ भरा.

निवांत_आजोबा:
आमचंही असंच झालं होतं. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला होता! सेलवर भागलं.

दुसरं, वडिलांच्या स्काइपमधल्या जुन्या गप्पा हव्या असतील तर त्या मशीनमध्येच आहेत. एक्सपीत लपलेले फोल्डर दिसतील असं सेटिंग करा, मग डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, वडिलांचं यूझरनेम, ॲप्लिकेशन डेटा, स्काइप आणि त्यांचा आयडी. तिथे main नावाची, डीबी एक्स्टेन्शनची फाइल असते. तो साधा एसक्यूलाइट डेटाबेस आहे. कॉपी करून लॅपटॉपवर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट'मध्ये उघडा, मेसेजेसच्या टेबलात सगळा मजकूर मिळेल. व्हिडिओ कॉल त्यात नसतात, नुसतं लिहिलेलं.

(अवांतर: १० नोव्हेंबर २०१४ पासून स्काइपवरून भारतातल्या भारतात फोन नंबरवर कॉल बंद झाले, तेव्हा मीही असाच आरडाओरडा केला होता.)

मिरजकरीण:
सेल बसवला. मारुती चौकातल्या घड्याळवाल्याने ४० रुपये घेतले आणि कॉम्प्युटरला घड्याळाचा सेल लागतो यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

आज सकाळी कॉल झाला. जुना वेबकॅम लिनक्सने आपणहून ओळखला. आवाज जात नव्हता, कारण हेडफोनच्या माइकची गुलाबी पिन बाबांनी हिरव्या भोकात खुपसली होती. पिना बदलल्यावर आत्याचं पहिलं वाक्य, "दादा, दाढी कधीपासून वाढवलीस?" मी स्वयंपाकघरात गेले. पाऊण तास चालला. कुलवृत्तांतात आत्याच्या सासरचं गाव चुकीचं पडलंय हेही कळलं, म्हणजे ते पान परत टाइप.

गप्पांची फाइलही मिळाली. २०११ चा एक मेसेज: "दादा कॅमेरा खाली कर तुझं फक्त कपाळ दिसतंय."

आता दोन शंका. एक, परत एक्सपीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतंय, नवा सेलही खराब का? दोन, पेन ड्राइव्ह काढला की फायरफॉक्समधली सेव्ह केलेली लिंक गायब होते. बाबांना दर रविवारी ती टाइप करणं जमणार नाही.

लिनक्सवेडा:
सेल ठीक आहे. लिनक्स मशीनचं घड्याळ ग्रीनिच वेळेत धरतं, एक्सपी भारतीय वेळेत, म्हणून साडेपाच तासांची मारामारी. एमएक्समध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगात हार्डवेअर घड्याळ 'लोकल टाइम'वर ठेवा. लिंकसाठी पेन ड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स' चालू करा, सुरू होतानाच्या मेनूत पर्याय आहे. मग केलेले बदल पेन ड्राइव्हवरच राहतात. लिंकचा शॉर्टकट थेट डेस्कटॉपवर ठेवा.

मिरजकरीण:
दोन्ही झालं. शेवटचं एकच, आणि हे मी विचारत नाहीये, बाबा मागून सांगताहेत: त्या शॉर्टकटला स्काइपचा निळा आयकॉन लावता येईल का?

लिनक्सवेडा:
येतो की. शॉर्टकटवर राइट क्लिक, एडिट लाँचर, आयकॉनच्या चौकोनावर क्लिक करून चित्र निवडा. चित्र पीएनजी घ्या. बाबांना नमस्कार.