चादरीच्या पेजवर बेरीज चुकतीय, जावास्क्रिप्ट सोडून थेट रिॲक्ट करू का?

ईसीएस_दुसरं_वर्ष:
नमस्कार मंडळी, सोलापुरात बीएस्सी ईसीएसला (एन्टायर कॉम्प्युटर सायन्स) आहे, या सेमला वेब टेक्नॉलॉजी आहे. एचटीएमएल सीएसएस नीट जमलं पण जावास्क्रिप्ट चालू झाल्यापासून सगळं डोक्यावरनं जायलंय. मिनी प्रोजेक्टला मामांच्या चादरीच्या दुकानाचं पेज घेतलंय, साइज निवडायची, नग टाकायचे, पार्सल खर्च टाकायचा आणि पेज रिफ्रेश न होता खाली एकूण रक्कम बदलली पाहिजे. आधी कन्सोलमध्ये नल नल म्हणून एरर यायची, स्क्रिप्ट खाली हलवली तर गेली, का गेली कळलं नाही. आता बटण दाबलं की आकडा क्षणभर दिसतो आणि फॉर्म परत कोरा. जो आकडा दिसतो तोपण चुकीचा, ४५०च्या दोन चादरी आणि ५० पार्सल खर्च मिळून ९००५०! लॅबमध्ये कोड उतरवून घेतात, असं का होतं ते कुणी सांगत नाही. वर्गातली पोरं म्हणतात थेट रिॲक्ट कर. करू का?

जुळे_सोलापूरकर:
रिॲक्ट राहू दे आत्ता, ती जावास्क्रिप्टचीच लायब्ररी आहे, तिथंही हेच तीन प्रश्न तुला गाठणार. ब्राउझर फाइल वरनं खाली वाचत जातो आणि वाचता वाचता पेजचं झाड तयार करतो, त्यालाच डॉम म्हणतात. तुझी स्क्रिप्ट हेडमध्ये होती तेव्हा खालचा नगाचा बॉक्स अजून तयारच झाला नव्हता, मग आयडीवरनं बॉक्स शोधणारं गेटएलिमेंटबायआयडी नल, म्हणजे ‘काही सापडलं नाही’, देणार नाही तर काय देणार. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून टॅगला डीफर लाव, म्हणजे पेज पूर्ण वाचून झाल्यावरच ती चालते, मग हेडमध्ये ठेवलीस तरी चालतंय. फॉर्म कोरा होतो कारण फॉर्ममधलं बटण टाइप दिला नाही तर सबमिटच असतं, ते फॉर्म पाठवून पेज परत लोड करतं, म्हणून टाइप बटन कर नाहीतर सबमिट इव्हेंटला प्रिव्हेंटडिफॉल्ट लाव, ते हे पाठवणं थांबवतं. आणि ९००५० का, तर इनपुटमधनं येणारी व्हॅल्यू कायम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते. गुणाकार करताना जावास्क्रिप्ट तिचा आपोआप नंबर करतं म्हणून ९०० बरोबर आलं, पण अधिक चिन्हाच्या एका बाजूला स्ट्रिंग असली की ते नुसतं जोडून टाकतं. पार्सल खर्चाला नंबर फंक्शन लाव, ९५० येतंय का बघ.

सातरस्ता_डेव्ह:
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट कोर्समध्ये फार घाईत उरकतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्राउझरमध्ये काय चालतं आणि सर्व्हरवर काय चालतं हे आधी डोक्यात पक्कं कर. तुझी बेरीज गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चाललीय, कॉम्प्युटरवर उघडलं तर तो एफ-बारा दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून ४५०चे ४५ करू शकतो. त्यामुळं स्क्रीनवर रक्कम दाखवायला जावास्क्रिप्ट, पण ऑर्डर घेताना सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपीला फक्त साइज आणि नग पाठव, भाव आणि पार्सल खर्च डेटाबेसमधनं काढून हिशोब तिथं परत कर. नग उणे टाकला, रिकामा सोडला, हे चेकिंगपण दोन्हीकडं पाहिजे. व्हायवाला हे नीट सांगितलंस तर समोरच्याला कळतं की पोरानं स्वतः केलंय.

ईसीएस_दुसरं_वर्ष:
लय भारी, ९५० आलं! सिलॅबसमध्ये जेक्वेरी पण आहे, ती करावी का?

जुळे_सोलापूरकर:
परीक्षेपुरती कर. ती २००६ची जावास्क्रिप्ट लायब्ररी, तेव्हा एकच कोड प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा वागायचा म्हणून तिचा लय आधार होता. आता क्वेरीसिलेक्टर, फेच हे ब्राउझरमध्येच मिळतं. आणि बटणच काढून टाक की, नगाच्या बॉक्सला ॲडइव्हेंटलिसनरनं इनपुट इव्हेंट लाव, आकडा टाइप करता करता रक्कम बदलते, मामांना ते बघायला आवडेल बघ. रक्कम दाखवताना इनरएचटीएमएल नको, ते मजकूर एचटीएमएल म्हणून वाचतं, नुसता मजकूर दाखवणारं टेक्स्टकंटेंट वापर, उद्या तिथं गिऱ्हाइकानं टाइप केलेलं नाव आलं तर त्यातनं कुणी स्क्रिप्ट घुसवायला नको.

ईसीएस_दुसरं_वर्ष:
करतो. आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायला झॅम्प टाकलंय, पीएचपीची फाइल त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्येच ठेवायची ना?

सातरस्ता_डेव्ह:
हो, झॅम्पमधला अपाची सर्व्हर चालू कर आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकून उघड. फाइलवर डबल क्लिक करून उघडलीस तर पीएचपी चालणारच नाही, कारण मधे सर्व्हरच नसतो. अडकलास तर कोड इथंच टाक, रात्री बघतो.