"घरच्यासारखीच आहे ती" : धुणंभांडी, चपात्या, पेशंट सांभाळणं... अनुभव लिहा (सांगली-सातारा)

आमच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर परवा ठरलं, धुण्याभांड्याला अमुक रुपयांच्या वर कुणी द्यायचं नाही, नाहीतर "रेट बिघडतो". ज्यांचा रेट ठरला त्या बायकांना विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. म्हणून इथं विचारते. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांच्या आईनं-आजीनं केलंय त्यांनी आधी लिहा. घरमालकांनी पण लिहा, फक्त "मावशी दांड्या मारतात" हे पुराण दुसरीकडं लावा. नावं नकोत, बाईचं नको आणि घराचं पण नको.

*

माझी आई साताऱ्यात शाहूपुरीकडं कामं करायची. जानेवारीतली साताऱ्याची थंडी माहितीच आहे. एका बंगल्यात गच्चीवर सोलर होता पण भांड्यांना गरम पाणी घ्यायचं नाही, का तर आंघोळींना पुरत नाही. घरी यायची तेव्हा बोटांच्या बेचक्यात चिरा पडलेल्या असायच्या, त्यात तिखट गेलं की जीव जायचा, म्हणून हिवाळाभर चटणी-कालवण मीच करायचे. कप तर वेगळा होताच, मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. आईला त्या कपाचं एवढं वाटायचं नाही, सोलरचं वाटायचं.

*

जाताना पिशवी उघडून दाखवायची, हा नियम. वहिनींनीच मेथीच्या काड्या दिलेल्या असायच्या शेळीला म्हणून, तरी दारात पिशवी उपडी करायची आणि काड्या परत गोळा करून भरायच्या. त्यांचा मुलगा सोफ्यावर बसून बघत असायचा. वर पाहुण्यांना सांगणार, अगदी घरच्यासारखी आहे आमची बाई.

*

२०१९ चा महापूर. आमचं घर सूर्यवंशी प्लॉटकडं, पाणी छपराला लागलेलं, आम्ही शाळेत राहिलो. पाणी उतरायच्या आधीच सासूबाईंना कामाच्या घरनं फोन, कधी येतेस, फरशीवर सगळा गाळ आहे. स्वतःच्या घरातला चिखल तसाच ठेवून सासूबाई त्यांचा काढायला गेल्या, आणि पगाराला पुराचे सगळे दिवस खाडे धरले. त्या म्हणाल्या, "अवो, कृष्णामाई काय मला इचारून आली व्हती का?" तरी कापलेच. एका घरानं मात्र न मागता पूर्ण पगार दिला आणि गादी पण दिली, तेही लिहायला पाहिजे.

*

मी मिरजेत ब्युरोकडनं पेशंट सांभाळते, बारा तासांची ड्युटी. सांगताना फक्त आजींचं करायचं म्हणतात. गेल्यावर आजींचं डायपर, मग सगळ्यांच्या चपात्या, मग नातवाला क्लासला सोडणं. ब्युरोवाला कमिशन आधी कापून घेतो आणि तक्रार केली तर म्हणतो दुसरी बाई पाठवतो. रात्रपाळीला झोपायला जागा कुठं, तर स्वयंपाकघरात ओट्याखाली, आणि आजींनी हाक मारली की दोन मिनिटांत हजर पाहिजे.

*

मी युनियनचं थोडं काम करते म्हणून माहितीचं लिहिते. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला नोंदणी करता येते, सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात. २०२१ मध्ये लॉकडाऊनचे दीड हजार रुपये आले ते फक्त नोंदणीवाल्यांना, बाकीच्या बघत बसल्या. आणि नोंदणी अडते कुठं? मालकाच्या दाखल्यावर. ही बाई आमच्याकडं काम करते, एवढंच लिहून सही द्यायची. त्यात मालकाला एक पैसा भरायचा नाही. पण लोकांना वाटतं उद्या ही पीएफ मागेल, कोर्टात जाईल. घरच्यासारखी म्हणणारेच आधी मागं सरतात, हा माझा अनुभव.

*

+१. मी फॉर्म घेऊन पाच घरी फिरले. एक काका म्हणाले वकिलाला विचारून सांगतो, अजून विचारतायत. शेवटी सही दिली ती भाड्यानं राहणाऱ्या एका नर्सबाईनं.

*

वेगळं लिहिते. कामाच्या घरातला माणूस अंगचटीला आला तर "काम सोड" एवढाच सल्ला सगळे देतात. माझ्या बहिणीनं सोडलं, वर त्या महिन्याचा पगार बुडाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाया पण येतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडं तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. तोवर आमची मुदत गेलेली. कुणाच्या ओळखीत असं झालं असेल तर थांबू नका.

*

मालकीणबाईंच्या कॅलेंडरवर माझे खाडे लाल पेननं. मग मी पण घरी कॅलेंडर लावलं आणि जादा काम लिहायला लागले. गौरीचं जेवण, पंचवीस ताटं. माळा काढला. मुलीच्या बारशाची भांडी. दिवाळीच्या आधी ते काढून नेलं आणि म्हटलं, तुमचे खाडे आणि माझं जादा, दोन्ही धरून हिशोब करू. आधी तोंड वाकडं झालं, "एवढं लिहून ठेवतीस होय गं?" मग सासऱ्यांनी चष्मा लावून बेरीज केली. माझेच पैसे निघत होते. दिले. उचल होती ती पण त्यातनं फिटली, आणि आता जादा कामाला आधीच विचारतात, किती घेणार म्हणून.