मदत हवी आहे: तैलरंगात तळ्यातलं प्रतिबिंब

नमस्कार मंडळी. फ्रेंच चित्रकार सेझाननं १८९६ साली रंगवलेल्या, फ्रान्समधल्या आनसी तळ्याच्या चित्राची अभ्यासप्रत करतेय. मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. डावीकडे झाडाचा जाड बुंधा, वरून पुढे आलेल्या फांद्या, पलीकडे द्युँग्तचा किल्ला आणि मागे आल्प्सचे डोंगर. सेझान तोवर इम्प्रेशनिस्टांपासून (क्षणाचा प्रकाश सुट्या फटकाऱ्यांनी टिपणाऱ्या चित्रकारांपासून) बराच पुढे गेला होता हे मान्य, पण १८७४च्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात तोही होताच, आणि रंगाचे सुटे फटकारे त्याला तिथूनच मिळाले असं मला वाटतं.

अडचण पाण्याची आहे. त्याची प्रतिबिंबं जवळजवळ उभ्या खांबांसारखी खाली उतरतात, तरी ते पाणीच वाटतं. निळ्या-हिरव्याच्या शेजारी तो किंचित गेरू, गुलाबी ठेवतो, म्हणून गारवा आणखी जाणवतो. माझ्याकडे अल्ट्रामरीन (निळा), व्हिरिडियन (हिरवा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटॅनियम व्हाइट आहेत. ओल्यावर ओला रंग लावला की शेजारचे रंग मिसळून मळकट होतात. थर वाळू द्यावा, तर पावसाळ्यातल्या कोकणात जवसाच्या तेलाचा रंग लवकर वाळत नाही.

तैलरंगात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: खालचा थर टर्पेंटाइननं पातळ करून, वर तेल वाढवत जाणं इथे पुरेल का? की रंग लवकर वाळवणारं अल्किड मीडियम वापरू? टायटॅनियमऐवजी झिंक व्हाइटनं निळा जास्त पारदर्शक राहील का? अशा फटकाऱ्यांना चपटा ब्रश बरा की गोलसर टोकाचा फिलबर्ट? कुणी पाणी रंगवलं असेल तर जवळून काढलेला फोटो नक्की टाका, फटकाऱ्यांची दिशा बघायची आहे.