धाकटा भाऊ फौजेत चाललाय, साहेबाचा हुकूमच चुकीचा असला तर शिक्षा कुणाला?

कोरेगावकर

नमस्कार मंडळी, मी कोरेगाव तालुक्यातला, घरची शेती बघतो आणि साताऱ्यात एका दुकानात हिशेबाला आहे. धाकटा भाऊ अग्निवीरमध्ये लागलाय, पुढच्या महिन्यात बेळगावला मराठा सेंटरला हजर व्हायचंय. गेल्या रविवारी पाहुण्यांना जेवायला बोलावलेलं, आमचे एक मामा अपशिंगे मिलिटरीचे, ज्या गावातनं पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले आणि परत आले नाहीत ते गाव, तिथं घरटी फौजी. जेवताना विषय निघाला शोपियानच्या त्या कॅप्टनचा, २०२० साली राजौरीची तीन मजूर पोरं अतिरेकी म्हणून मारली तो. मामांचं म्हणणं एकच, सीमेवर मरायला आपण पाठवायचं आणि वर कोर्टात पण आपणच उभं करायचं, ही गद्दारी आहे. वडील शांतपणे म्हणाले, ती पोरं पण कुणाच्यातरी घरची कमवती होती की. मग आवाज चढले, आईने ताटं उचलली.

रात्री गोठ्यात वैरण टाकताना भावाने विचारलं, दादा, मला साहेब म्हणाला ह्याला उडव, आणि मला समोर दिसतंय की ह्याच्या हातात काहीच नाही, तर मी काय करायचं? नाही म्हटलं तर हुकूम मोडला म्हणून आत, हो म्हटलं तर खुनी म्हणून आत. मला उत्तर देता आलं नाही, तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीये.

आमचे आजोबा १९७१ ला पूर्वेकडच्या आघाडीवर होते, नंतर कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला. ९३ हजार कैदी होते आपल्याकडं. आजोबा सांगायचे, कैद्याला हात लावला की सुभेदार साहेब आधी पहारेकऱ्याच्या कमरेची पेटी उतरवायचे मग विचारायचे काय झालं. म्हणजे तेव्हापण नियम होताच ना. मग माझा प्रश्न असा आहे की जवानाने लढाईत किंवा ड्युटीवर गुन्हा केला तर निवाडा कुणी करायचा, फौजेच्या कोर्टाने का आपल्या साध्या कोर्टाने, आणि "हुकूम होता" हे कारण चालतं का? कुणी फौजेतलं किंवा वकिलीतलं असेल तर सांगा. राजकारण नको प्लीज.

---

माणदेशी_हवालदार

पोरा मी २४ वर्षं काढली, हवालदार म्हणून घरी आलो, आता दहिवडीकडं मेंढरं आणि डाळिंब. मामांचा राग मला कळतो कारण मी पण दहा वर्षांपूर्वी हेच बोललो असतो. पण जे बघितलं ते सांगतो.

फौजेत भानगड झाली की आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे पहिली चौकशी, बसते, मग सीओ साहेबासमोर, म्हणजे युनिटच्या मुख्यासमोर, चार्ज ऐकतात, मग समरी ऑफ एव्हिडन्स, साक्षीदारांचं सगळं लिहून काढतात, आणि त्याच्यावर ठरतं की कोर्ट मार्शल करायचं का नाही. आता लोकांना वाटतं कोर्ट मार्शल म्हणजे एकच. तसं न्हाई. जवानाचं बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शल होतं, त्यात सीओ साहेब एकटाच जज, वकील मिळत न्हाई, नुसता एक "फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड" शेजारी बसतो, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नोकरी जाते ती वेगळीच. आणि हे समरी कोर्ट मार्शल ऑफिसरवर लावता येत न्हाई, जेसीओवर, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदारांवर, पण न्हाई. फक्त आमच्यावर. ऑफिसरसाठी जनरल कोर्ट मार्शल, तिथं निदान पाच ऑफिसर बसतात, कायद्याचा जाणकार जज ॲडव्होकेट असतो, वकील देता येतो. खुनासारखा मोठा गुन्हा असला की जवान पण तिथंच जातो म्हणा, पण रोजच्या भानगडीत फरक ध्यानात आला ना?

एक प्रसंग सांगतो, युनिट न जागा सांगत न्हाई. नाक्यावर एका म्हाताऱ्या मेंढपाळाला आमच्यातल्या एका पोराने बंदुकीच्या दस्त्याने मारलं, दात पडले दोन. मी स्वतः मेंढरामागं वाढलेला माणूस, मला ते आजून दिसतं. पोराला २८ दिवस क्वार्टर गार्डला, म्हणजे युनिटच्या कोठडीत, टाकला, रेड इंक एन्ट्री झाली, म्हणजे रेकॉर्डवर लाल शाईने शिक्षा लागली, पुढं प्रमोशन मिळालंच न्हाई. बरोबर झालं, मी म्हणतो शिक्षा पायजेच होती. पण गाडीत पुढं बसून जो साहेब "विचार त्याला नीट" म्हणून सांगत हुता, काच खाली करून बघत हुता, त्याचं नाव त्या कागदात कुठंच आलं न्हाई. मी साक्ष दिली त्यात मी ते बोललो हुतो. लिहिलं गेलं न्हाई. मी सही केली. ते आजपर्यंत मला टोचतं.

तुझ्या भावाला सांग, आर्मी ॲक्टच्या ४१ कलमात हुकूम मोडल्याची शिक्षा आहे, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे लढाईच्या कामगिरीवर, असशील तर १४ वर्षांपर्यंत, पण तिथं शब्द आहे "लॉफुल कमांड". कायदेशीर हुकूम. बेकायदेशीर हुकूम न पाळणं हा गुन्हा न्हाई. सेंटरमध्ये हे शिकवतात पण परेडच्या धुराळ्यात कुणाच्या डोक्यात राहत न्हाई.

---

सांगलीची_वकील

हवालदार काकांनी सही केल्याचं इथं लिहिलं, त्याबद्दल त्यांचे खरंच आभार, एवढं कुणी बोलत नाही. मी सांगलीत क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करते, दोन-तीन माजी सैनिकांची कामं केलीत म्हणून आर्मी ॲक्ट चाळावा लागला.

दादा तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. "हुकूम होता" हे पूर्ण बचाव म्हणून चालत नाही. न्युरेंबर्गच्या खटल्याच्या सनदेतच १९४५ ला लिहून ठेवलं की वरिष्ठाचा हुकूम असला तरी जबाबदारी सुटत नाही, फारतर शिक्षा कमी करताना त्याचा विचार होईल. आपल्याकडं जुन्या दंडसंहितेच्या ७६ कलमाखाली एक उदाहरण दिलंय, आता तेच न्याय संहितेच्या १४ कलमात आहे, की सैनिकाने वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. लोक एवढंच वाचतात आणि थांबतात. पण त्याच वाक्यात आहे की तो हुकूम "कायद्याच्या आज्ञेला धरून" असला पाहिजे. सगळी मेख तिथंच आहे.

आता कोर्ट कुठलं. आर्मी ॲक्टच्या ७० कलमाप्रमाणे सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार असेल तर एरवी कोर्ट मार्शल चालवताच येत नाही, साध्या कोर्टात जायचं. पण ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना, देशाबाहेर, किंवा सरकारने ठरवलेल्या सीमेवरच्या चौकीवर घडलं तर चालवता येतं. म्हणजे जिथं हे प्रकार होण्याची शक्यता जास्त तिथंच निवड फौजेच्या हातात. आणि अफस्पा, म्हणजे फौजेला खास अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या भागात साध्या कोर्टात खटला भरायला केंद्राची परवानगी लागते, ती क्वचितच मिळते.

पथरीबलचं बघा. मार्च २००० ला अनंतनाग जिल्ह्यात पाच जण मारले, छत्तीसिंगपुऱ्यात शीख गावकरी मारले गेले त्या हत्याकांडातले परदेशी अतिरेकी म्हणून सांगितलं, सीबीआयने २००६ ला चार्जशीट दिलं की ते साधे गावकरी होते. केस फिरत फिरत सुप्रीम कोर्टात गेली, २०१२ ला कोर्टाने फौजेला सांगितलं कोर्ट मार्शल किंवा साधं कोर्ट, काय ते निवडा. त्यांनी स्वतःकडं घेतलं आणि जानेवारी २०१४ ला पुरावा नाही म्हणून फाइल बंद. चौदा वर्षं त्या घरच्यांनी काय केलं असेल हो. उलट माछिलमध्ये, २०१० ला तीन पोरांना कामाचं आमिष दाखवून एलओसीवर नेलं आणि मारलं, तिथं फौजेच्याच कोर्टाने कर्नल आणि कॅप्टन धरून जन्मठेपा दिल्या. म्हणजे फौजेचं कोर्ट करतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण २०१७ ला आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलने, जिथं कोर्ट मार्शलवर अपील चालतं, पाच जणांची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. तुम्ही म्हणता त्या शोपियानच्या कॅप्टनचं पण तेच, २०२३ मध्येच जन्मठेप आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्थगिती. नागालँडमध्ये ओटिंगला डिसेंबर २०२१ ला खाणीतनं घरी चाललेले सहा मजूर गाडीत मारले गेले, राज्याच्या पोलिसांनी ३० जणांवर चार्जशीट केलं, केंद्राने परवानगी नाकारली.

माझं मत असं की चकमकीत गोळ्या सुरू असताना चूक झाली, अंधारात माणूस ओळखला नाही, तर ते फौजेच्या कोर्टानेच बघावं, त्यांनाच ती परिस्थिती कळते. पण पकडलेल्या, बांधलेल्या, फसवून आणलेल्या माणसाला मारलं आणि शेजारी बंदूक ठेवली, तर ह्यात लढाई कुठं आली? तो सरळ खून आहे, जुना ३०२, आता न्याय संहितेचा १०३, सेशन्स कोर्टात चालवा, मेलेल्याच्या आईला समोर बसून ऐकता आलं पाहिजे. आत्ता तिला तारीख पण कळत नाही.

---

वाळवा_वाघ

सगळे कायदे बरोबर असतील ताई पण तुम्ही सांगलीत पंख्याखाली बसून सांगताय, माझा चुलतभाऊ कुपवाड्याला आहे, त्याला रात्री दोन वाजता सावली दिसली तर कलम आठवत बसायला वेळ नसतो. एक सेकंद थांबला तर तिरंग्यात घरी येणार. आणि समोरचे काय नियम पाळतात का? १९९९ ला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्याच्याबरोबरच्या पाच जवानांचे पाकिस्तानच्या कैदेत काय हाल केले ते अख्ख्या देशाने बघितलं. त्यांना शिक्षा झाली? मग आपल्याच पोरांना पिंजऱ्यात का? अशाने उद्या कुणी गोळी झाडायलाच कचरेल, मग अतिरेकी घरात घुसले की हेच लोक विचारणार फौज कुठाय.

---

सांगलीची_वकील

वाघ दादा, रात्री दोनच्या सावलीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, वर तेच लिहिलंय, परत वाचा. तुमचा भाऊ सुखरूप घरी यावा हे मनापासून. पण कालियांचं नाव काढलं म्हणून एक सांगते. आपण त्यांच्यासाठी न्याय मागतो तो कशाच्या जोरावर? कैद्याला छळायचं नाही ह्या जिनिव्हा कराराच्या जोरावर, जो आपण १९५० ला मान्य केला आणि १९६० ला त्याचा कायदा केला. आपल्या हद्दीत तो नियम सोडला तर कालियांच्या वडिलांनी कुठल्या तोंडाने मागायचं?

---

वाईचा_मास्तर

इतिहास शिकवतो म्हणून थोडं. महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं, की रयतेकडनं दाणा-वैरण ओरबाडलीत तर लोक म्हणतील मोगल आले ते बरे. ते पत्र शत्रूला नाही, आपल्याच घोडदळाला आहे, आणि जुमलेदार-हवालदार-कारकुनांच्या नावाने आहे. म्हणजे जाब वरच्याला आधी. शिपायाने पेंढी उचलली तर हवालदाराने का उचलू दिली, हा प्रश्न त्यात आहे.

दुसरं, डायर. जालियनवाला बागेत सरकारी आकड्यानेच ३७९ माणसं मेली, चौकशीला हंटर कमिशन बसलं, आणि डायरवर खटला कधीच झाला नाही, कोर्ट मार्शल पण नाही, फक्त कमांड काढून घेतली. उलट विलायतेत एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी २६ हजार पौंडांवर वर्गणी जमवली, "आमचा माणूस, त्याने साम्राज्य वाचवलं" म्हणून. वर्गात हे सांगताना पोरं चिडतात, आणि चिडायलाच पाहिजे. मग मी त्यांना विचारतो की आपला माणूस असता तर आपण वर्गणी दिली असती का. वर्ग शांत होतो. मला स्वतःला पण दर वर्षी त्या शांततेत काहीतरी होतं.

---

तासगावची_सून

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टर फौजेत आहेत, जागा सांगत नाही. सगळे विचारताय ज्याने केलं त्याला काय शिक्षा, पण जो नाही म्हणतो त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही. आमच्या ह्यांनी एकदा एका शाळकरी पोराला मारायला नकार दिला. लेखी काही झालं नाही, पण त्यानंतर सुट्टीचा अर्ज दरवेळी कुठंतरी अडकायचा, सासऱ्यांच्या बाराव्याला पोचले, अंत्यविधीला नाही. हे कुणाला सांगायचं, कुठलं कोर्ट.

हे फोनवर मला म्हणाले होते की व्हिएतनामच्या लढाईत माय लाय गावात अमेरिकन सैनिक बायका-पोरं मारत होते तेव्हा त्यांच्याच एका पायलटने, ह्यू थॉम्प्सन नाव, हेलिकॉप्टर मध्ये उतरवलं आणि आपल्या गनरला सांगितलं की आपल्यातल्यांनी ह्या लोकांवर गोळी झाडली तर त्यांच्यावर झाड. त्याला त्या कामाचं पदक मिळालं १९९८ ला, तीस वर्षांनी. आणि त्या सगळ्या प्रकरणात एकट्या लेफ्टनंट कॅलीला शिक्षा झाली, २२ खुनांसाठी जन्मठेप, त्यात पण साडेतीन वर्षं घरातच नजरकैद आणि सुटला. त्याच्या वरचा कॅप्टन निर्दोष. हे सांगताना ह्यांचा आवाज वेगळाच होता म्हणून लक्षात राहिलं.

---

माणदेशी_हवालदार

पोरी, तुझ्या मालकांना माझा सॅल्यूट सांग. सासऱ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

वाघराव, मी कुपवाड्याला पण हुतो. सावलीवर गोळी झाडलेली पण बघितली, आणि ते पण बघितलं जे सावलीवर न्हवतं. दोन्हीतला फरक तिथं असलेल्या प्रत्येक जवानाला त्याच रात्री कळतो, कुठल्या वकिलाने सांगायची गरज न्हाई. म्हणून मी म्हणतो तपास त्याच युनिटने करू नये. ज्याच्या ताटात आपण उद्या जेवणार त्याच्याविरुद्ध कोण खरं लिहिणार? मी न्हाई लिहू शकलो.

---

कोरेगावकर

सगळ्यांचे आभार, वाघ दादांचे पण. काल रात्री भावाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं, वडील पण ऐकत होते. मेंढपाळाच्या ठिकाणी वडिलांनी थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मामांना फोन केला, ते म्हणाले कोर्टाचं मला अजून पटत नाही, पण साहेबाचं नाव कागदात यायला पाहिजे होतं. मामांकडनं एवढं पण मला जास्तच वाटलं.

भावाचा एकच प्रश्न राहिलाय. बेकायदेशीर हुकूम मोडला तर गुन्हा नाही हे कळलं, पण त्या क्षणाला तोंडाने म्हणायचं काय? साहेबाच्या पुढ्यात उभं राहून कुठले शब्द बोलायचे? त्याला ते पाठ करून जायचंय.

---

माणदेशी_हवालदार

"साहेब, हुकूम लिहून द्या." एवढंच. आणि बाजूच्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आणि अजून एक. काय करायचं काय न्हाई ह्याची फौजेचीच यादी आहे, डूज अँड डोन्ट्स म्हणतात, १९९७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ती पाळणं बंधनकारक आहे आणि मोडली तर आर्मी ॲक्टखाली शिक्षा. इकडं येताना वही घेऊन ये म्हणाव, मी एकेक ओळ समजावतो. रविवारी सकाळी आणा त्याला, दहिवडी स्टँडवर उतरून फोन करा, मी मोटारसायकल घेऊन येतो. आईला पण आणा.